वाकणवाडीची तीनशे वर्षांची वाइन

वाकणवाडी
१८ नोव्हेंबर २०२४

विजूताई,

फोनवर तू म्हणालीस, "काय असेल ते लिहून पाठव. फोनवर मी हो म्हणते आणि मग आठवडाभर पस्तावते." म्हणून दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं कागदावर लिहितोय. हसू नको.

आपल्या गावात नदीच्या वळणावर वाइनची कंपनी आली ते तुला ठाऊक आहे. 'वाकण व्हॅली'. १२ जानेवारीला त्यांचा द्राक्षमहोत्सव आहे. पुण्याहून गाड्या येणार, बँड येणार, पायानं द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम पण आहे. त्यासाठी गावाच्या इतिहासाची पुस्तिका पाहिजे. कंपनीच्या भाग्यश्री मॅडमनी मुद्दे काढून दिलेत, सोबत जोडलेत. नाव ठरलंय: 'नदीकाठची वाइननगरी, तीनशे वर्षांची परंपरा'. एका पोर्तुगीज तोफचीनं इथं पहिला वेल लावला, असं त्यांचं म्हणणं आहे.

तू इतिहासात एम.ए., कॉलेजच्या ग्रंथालयात बसतेस. तुझ्याशिवाय कोण लिहिणार? दहा पानं पुरेत. मॅडम म्हणाल्या, "सर, फक्त फील आला पाहिजे." उपसरपंच म्हणून मी शब्द देऊन बसलोय. गावाचं नाव होईल, ताई. चार पोरं कामाला लागलीत तिथं. चाकणला कंत्राटावर बारा तास उभं राहण्यापेक्षा बरं.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते, म्हणजे शिव्या देते. "विजीला म्हणावं, आत्ता येती का मी गेल्यावर येती?"

बाळू


चिखली
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाळू,

मुद्दे दोनदा वाचले. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

तर एक पोर्तुगीज तोफची वसईहून निघाला, घाट चढला, आणि चाकणचा किल्ला, पुणं, सगळं टाकून नेमका वाकणवाडीत वेल लावून बसला. त्याला पत्ता कुणी दिला? माझी आई गेल्यावर मी चौथीपासून बारावीपर्यंत तुमच्याकडे राहिले. त्या नऊ वर्षांत मी द्राक्षं पाहिली ती आजारी माणसाच्या उशाशी, कागदी पिशवीत. गावात पहिली बाग लागली तेव्हा मी बारावीत होते. दोन पावसाळ्यांत ती रोगानं गेली आणि तिच्या तारा लोकांनी गोठ्याला वापरल्या. आजही कंपनीचे दोन एकर फोटोपुरते आहेत आणि खरी द्राक्षं नाशिककडून क्रेटमधून येतात, हे गणपतीत तूच सांगितलंस. म्हणजे नगरी नदीकाठची आहे, नदीही आहे, फक्त वाइन परगावची.

वाकणवाडीला परंपरा आहे, बाळू, आणि ती प्यायचीच आहे. पण ती हातभट्टीची आहे. काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल आणि भामा नदीचं पाणी. वळणावर धार संथ, काठाला करंजाची दाटी, रस्त्यावरून काही दिसायचं नाही. आंबवलेल्या रसायनाची पिंपं वाळूत पुरलेली असायची. भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या सुरू झाल्या तशी भट्टीलाही पाळी लागली. टायरच्या ट्यूबा भरून पोटाला बांधायच्या आणि सायकली भोसरीपर्यंत जायच्या. धाड पडली की पोलीस पिंपं नदीत ओतायचे आणि पुढे मैलभर मासे पोट वर करून वाहायचे. ही आपली नगरी. तिनं किती घरं बसवली ते ठाऊक नाही, पण किती उठवली ते आपण पाहिलंय. तुझे वडील, धर्माजीमामा, तिच्यातच गेले, चौतिसाव्या वर्षी. आणि जिनं नवरा नेला तीच दारू आत्या गाळायला लागली, कारण दोन लेकरांच्या विधवेला त्या गावात दुसरं काम कुणी दिलं नाही.

त्याच दारूवर मी शिकले. म्हणून नाक वर करून बोलायचा मला अधिकार आहे का, हे काल रोजनिशीत तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. पण तोफची मी लिहिणार नाही. लिहिलं तर खरं लिहीन, आणि त्यातला एक शब्द बदलायचा नाही. पटत असेल तर कळव.

आत्याला नमस्कार सांग. तिच्या शिव्या पोचल्या.

विजूताई


वाकणवाडी
२ डिसेंबर २०२४

विजूताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस डोकं फिरलं होतं. तुला इतिहास मागितला, तू पंचनामा पाठवलास. पण गंमत ऐक. मी ते पत्र रागारागानं भाग्यश्री मॅडमना दाखवलं. म्हटलं, बघा, नाही म्हणतेय. तर बाई खुर्चीतून उठल्याच. "सर, धिस इज गोल्ड! इतकं ऑथेंटिक!" तोफची कॅन्सल. आता त्यांना भट्टीच पाहिजे. मी म्हटलं, अहो, ही दारू आहे. तर म्हणाल्या, "सर, जुनी झाली की हेरिटेज होते."

तर तू खरं लिही, शब्द बदलणार नाही. फक्त एक हात जोडून मागणं आहे. आईला त्यात आणू नकोस.

माझ्या तनुजाचं जुळतंय. मुलगा समाधान, आळंदीचा, भोसरीत इंजिनिअर आहे. एका कंपनीच्या ट्रेनिंगला दोघांची ओळख झाली, दोघांनाही पसंत आहे. घर माळकरी, तीन पिढ्यांचं. वडील किसनराव एकादशीला पाणीसुद्धा मोजून पितात. त्यांनी विचारलं, आजींनी एकटीनं घर कसं चालवलं? आई पटकन म्हणाली, "चाकणच्या बाजारात भाजी इकली." कोणत्या टोपलीत विकली, तिलाच ठाऊक.

वाइनचं त्यांना चालतं. किसनराव म्हणाले, "तो फळाचा रस, सरकारमान्य आहे." पण हातभट्टी म्हटलं की संपलं. पोरीचं चोविसावं चालू आहे, ताई. ती चाकणला क्वालिटीत आहे, शिफ्ट करून येते आणि आजीचे पाय चेपते. तिनं तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मी मागतोय.

बाळू


चिखली
१५ डिसेंबर २०२४

प्रिय बाळू,

अकरा पानं सोबत आहेत. छापायला देण्यापूर्वी सगळी वाच. पहिलं पान वाचून देऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आत्याचं नाव कुठेही नाही. हे मला सोपं गेलं नाही. आत्याशिवाय वाकणवाडीचा इतिहास म्हणजे तोफचीचाच चुलतभाऊ. दोन दिवस मी तिला पूर्ण काढून टाकून पाहिलं. उरलं ते काय, तर गूळ, नवसागर आणि पोलीस. माणूसच नाही. मग मी मार्ग काढला. सातव्या पानावर 'एक विधवा' एवढंच आहे. नाव, आडनाव, नातं काही नाही. तळटिपेत गुन्हा नोंदल्याचं वर्ष आणि सहा महिन्यांची शिक्षा आहे, कारण ती कागदोपत्री आहे आणि पुराव्याशिवाय मी विधान करत नाही. पण तिथेही नाव गाळलं आहे.

तनुजाला सांग, मला आनंद झाला. मुलगा पसंत असून घरही चांगलं असणं, हे आपल्याकडे क्वचितच एकत्र येतं. माळकरी लोकांनी वाइनला फळाचा रस ठरवलं हे वाचून मात्र मला किसनरावांबद्दल आदर वाटला. सोयीचं शास्त्र इतक्या झटपट सगळ्यांना सापडत नाही.

तुमच्या महोत्सवाला मी येणार नाही. बूट काढून द्राक्षं तुडवणारी माणसं बघायला मला सुट्टी मिळणार नाही, आणि मिळाली तरी घेणार नाही.

विजूताई


वाकणवाडी
२० जानेवारी २०२५

विजूताई,

काल आळंदीचे लोक आले होते. तारीख काढायला. आता तारीख निघत नाही.

सगळं सांगतो, म्हणजे तुला पुन्हा पुराव्यासह लिहिता येईल. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. पोहे झाले, चहा आला. मी हौसेनं किसनरावांच्या हातात पुस्तिका दिली. म्हटलं, आमच्या ताईनं लिहिलंय. त्यांचा आवाज खणखणीत, भजनाची सवय. मोठ्यानं वाचायला लागले. सगळे ऐकतायत. मीपण मान डोलावतोय. सातवं पान आलं. "नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला, गावातल्या एकमेव उंबराखालच्या, पश्चिमेला तोंड असलेल्या दोन खणी घरात राहणारी एक विधवा..."

तिथं थांबले. वर बघितलं, उंबर. मागं बघितलं, घाट. दाराकडे बघितलं, ऊन दारातून आत आलेलं, दुपारचे चार वाजलेले. मग मला म्हणाले, "उपसरपंच, गावात उंबर किती?"

मी म्हटलं, "आहेत की. पाच-सहा असतील."

आतून आईचा आवाज, "येकच हाय."

त्यानंतर त्यांनी ती तळटीप वाचली. मनात वाचली. त्यांच्या मंडळींनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. किसनराव एवढंच म्हणाले, "दारूचं एक वेळ समजलो असतो. पण भाजी म्हणालात." आणि गेले. समाधान मान खाली घालून गाडीत बसला. तनुजा आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासत होती.

व्हय, मी पहिलंच पान वाचलं होतं. त्यावर माझा फोटो होता. पण तू? तू एवढी शिकलेली. नाव काढलंस आणि घराचा नकाशा ठेवलास! दाराचं तोंड कुठल्या दिशेला, हे कुणाला पाहिजे होतं गं? पोस्टमनला?

कंपनीनं तर टेस्टिंग रूममध्ये भिंतभर फलक लावलाय. 'उंबराखालची आजी'. त्या नावाची बाटली काढायचं पण चाललंय. मॅडमनी मला फोन केला, "सर, त्या आजी अजून असतील का हो?"

बाळू


चिखली
२३ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

हे पत्र तुला. तनुजा वाचून दाखवेल.

बाळूनं सगळं कळवलं. दोन दिवस मी स्वतःची बाजू मांडत होते, रोजनिशीत, कुणी विचारलं नसताना. नाव दिलं नाही, वचन मोडलं नाही, वाचायचं सांगितलं होतं. प्रत्येक वाक्य खरं होतं. मग काल मी सातवं पान नव्यानं वाचलं आणि माझी मलाच चीड आली. ते पान मला आवडलं होतं, आत्या. उंबर, घाट, संध्याकाळचं ऊन. लिहिताना मी खूश होते. नाव गाळून मी सद्सद्विवेकाला गप्प केलं आणि बाकीचं सगळं माझ्या हौसेसाठी ठेवलं. कंपनीला मी नावं ठेवत होते. तिनं तुला भिंतीवर टांगलं, पण तिच्या हातात खिळा मी दिला.

यावर एकच उपाय दिसतो. मी आळंदीला जाते. किसनरावांना सांगते की ती बाई मी कल्पनेनं रचली, घर तेवढं ओळखीचं म्हणून तुझं घेतलं. तसं लेखी देते. आजवर मी एक तारीखसुद्धा चुकीची लिहिलेली नाही, तेव्हा माझ्या शब्दाला किंमत असेल. ती खर्च करायची वेळ हीच. तू फक्त हो म्हण.

तुझी,
विजू


वाकणवाडी
५ फेब्रुवारी २०२५

(विजूआत्या, मी तनुजा. आजी सांगते तसंच लिहितेय. शिव्या गाळू का विचारलं, तर म्हणाली, गाळायचं काम माझं, तुझं न्हाई.)

विजे,

तुझं पत्र ऐकलं. आमाला रचनार तू? मंजी मी न्हाईच म्हन की. सहा महिने येरवड्यात जी बसली ती कोन, तुझी कल्पना? तितं कल्पनेला भाकरी घालीत न्हाईत. अकरा पानं लिवलीस तवा इचारायला आली न्हाईस, आता पुसायला परवानगी मागती.

आन तुझा पुरावा. सरकारी कागदात माजं नाव हाय ते खरं. पर त्या दिवशी भट्टीवर मी नव्हते. तुझा बा व्हता. आयतवारी देहूरोडहून यायचा, चाखायला म्हनून. त्या दिवशी म्हनला, अक्का, तू पड जरा, मी बघतो धार. आन धाड पडली. त्याला सरकारी नोकरी. पोलिसानं इचारलं भट्टी कुनाची, मी म्हनलं माझी. भट्टी माझीच व्हती की. दया केली न्हाई त्याच्यावर. त्याची नोकरी गेली असती तर तो बी माज्याच चुलीवर येऊन बसला असता, आन तू व्हतीसच. दोघांपरीस तुरुंग सवंग पडला. तू तवा दहावीला, रडत व्हतीस, बोर्डाचा फारम भरायचा राहिला म्हनून. त्याच्यावर अजून कुनी लिवलं न्हाई.

आळंदीला तू जायाचं काम न्हाई. आमी जाऊन आलो. परवाच्या शुक्रवारी पोरीनं सुट्टी टाकली, दोघी यष्टीनं गेलो. किसनरावानं पानी दिलं, बसा म्हनलं. मानूस वाईट न्हाई. मी म्हनलं, भाजी म्हनले ते खोटं, ते माझं, पोराला बोल लावू नका. भट्टी लावली चौदा वरसं. लोकं मेली त्यात, माझा नवरा बी आधी मेलाच व्हता. देवानं इचारलं तर देवाला सांगीन, तुमी इचारलं म्हनून तुमाला सांगितलं.

त्यांनी गळ्यातली माळ सारखी केली. मग म्हनले, "आजी, खरं बोललात, बरं वाटलं. लग्नाला आमची ना न्हाई. पर आमचे पाहुणे, भजनी मंडळी, दिंडीतले फडकरी सगळे येनार. फलक सगळ्यांनी बघितलाय. एवढंच करा, तुमी मांडवात दिसू नका. घरातून आशीर्वाद द्या."

मी व्हय म्हननार व्हते, खरं सांगते. मला काय मांडवाचं. गुडघं दुखत्यात, जेवन बी त्यांचं बिनकांद्याचं.

तवर ही उठली. (विजूआत्या, हे मी लिहिणार नव्हते, आजी लिहायला लावतेय.) म्हनली, "काका, मग मी पण मांडवात दिसत नाही." आन चप्पल घालून भाईर. मला उठायला बी कुनी हात दिला न्हाई, त्या समाधाननं दिला. देता देता म्हनला, "आजी, तुम्ही समजावा ना तिला." मी म्हनलं, बाबा, तुजा बाप तितं बसलाय, दोन हातावर, तू त्याला समजाव. मला काय समजाव म्हनतो?

यष्टीत हिला लई झापलं. चांगलं घर घालवलंस म्हनून. ही खिडकीभाईर बघत व्हती. म्हनली, आजी, चौदा वर्षं तू लपून धंदा केलास, आता लग्नात बी लपनार का?

बाळूला मी सांगितलंय, त्या कंपनीत जायाचं आन फलक काढायचा, न्हाईतर मी जाऊन बसते त्याच्याखाली, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते तुमची द्राक्षं कुठून येत्यात. त्या भाग्यश्रीबाईनं काल फलक उतरवला. बाटली बी नको म्हनली. लगेच हेरिटेज आटपलं तिचं.

आयतवारी समाधान आला. एकटाच. गल्लीत उभा, आत येईना, जाईना. शेजारची आक्काबाई दोनदा भाईर येऊन बघून गेली. मी वरडले, आत ये न्हाईतर स्टँडवर जा, रस्त्यात उभा राहू नगस, म्हशी जात्यात. आला. हिनं इचारलं, "घरी सांगून आलास?" तर हा चुलीकडं बघाय लागला. ही म्हनली, "मग आज चहा घे आणि जा. सांगून आलास की पुढचं बोलू." त्यानं चहा घेतला. सगळा घेतला, कप धुऊन ठेवला. गेला.

आज बुधवार. अजून काय त्याचा पत्ता न्हाई. ही सकाळी शिफ्टला जाती, येती, जेवती, माझे पाय चेपती. गेट वाजलं की हात थांबतोय हिचा, मग परत सुरू. मला कळतंय ते तिला बी ठाव हाय.

येईल का न्हाई ते त्याच्यावर. आमच्याकडून आता दडवायचं काय उरलं न्हाई.

रतनबाई धर्माजी
(अंगठा न्हाई, सही हाय. तुरुंगात शिकले.)